रायफलीचं पथ्य

शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं की आमच्या घरी त्यावर दोन ताटं यायची. एका ताटात आई आठवड्याचे तांदूळ निवडायला घ्यायची आणि दुसऱ्यात बाबा काडतुसं. दोघं समोरासमोर बसायचे, दोघांच्याही माना खाली, आणि मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. लेस्टरमधलं आमचं घर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ओळीतलं एक. डावीकडच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रज बाई शनिवारी टीव्हीवरच्या कुस्त्या मोठ्या आवाजात लावायच्या. उजवीकडून गुजराती शेजारीण हंसामासींच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या आणि त्यांच्या डाळीच्या फोडणीचा वास आमच्या जिन्यापर्यंत पोचायचा. त्या गल्लीत मराठी घर आमचं एकच. बाजरीचं पीठ बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळायचं, पण गोडा मसाला पुण्याहून कुणी येईल तेव्हाच. तो आई औषधासारखा चिमटीने वापरायची. मी अभ्यासाची वही घेऊन टेबलाच्या टोकाला बसायचे आणि अभ्यास सोडून दोन्ही ताटांकडे बघायचे.

आमचे बाबा पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. मी सहा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. इथे त्यांना काम मिळालं ते फाउंड्रीत. ओतून काढलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासायच्या, हातात थरथरणारा ग्राइंडर धरून, दिवसभर. त्याबद्दल ते घरी अवाक्षर बोलत नसत. बोलत ते रायफलीबद्दल. फाउंड्रीतल्या एका फोरमनने त्यांना गावाबाहेरच्या रायफल क्लबात नेलं, आणि दोन-तीन वर्षांनी पोलिसांचा रीतसर परवाना काढून त्यांनी एक जुनी अमेरिकन लष्करी रायफल घेतली. महायुद्धातली, लाकडी दस्त्याची, नऊ-दहा पौंडांची. एकदा काडतुसांची क्लिप भरली की आठ गोळ्या लागोपाठ सुटायच्या. दरवेळी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दट्ट्या, मागे ओढावा लागत नसे. तेव्हा कायद्याने ते चालत होतं. पुढे कायदा बदलला. आज या देशात तशी रायफल घरात ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं दुःखही नाही. माझं दुःख वेगळं आहे.

बाबा म्हणायचे, रायफल म्हातारी झाली की तिचं पथ्य सांभाळावं लागतं. काडतूस नळीत बसलं म्हणजे ते तिला मानवलं असं नव्हे. गोळी सुटली की दारूच्या वायूचा जोर नळीखालच्या एका लांब दांडीला मागे ढकलतो, आणि तीच दांडी रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घेते. क्लबातली काही मंडळी हरणाच्या शिकारीची जड गोळ्यांची काडतुसं आणायची. माप तेच, दिसायलाही देखणी, पण त्यांची दारू सावकाश जळते. दांडीला नको तितका रेटा बसतो आणि ती वाकते. "म्हाताऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीचं वाढू नये," असं बाबा त्यांना समजावायचे. हे इंग्रजीत सांगताना त्यांची फार तारांबळ उडायची. यावर आई म्हणायची, "बंदुकीचं बरं पथ्य सांभाळता येतं. मला मेलीला ॲसिडिटी आहे, तर रोज मिरचीचा ठेचा हवा यांना."

पण पथ्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती टोपी. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक बारीक गोल टोपी बसवलेली असते. तिच्यावर ठोका पडला की दारू पेटते. ती टोपी बुडाच्या किंचित आत हवी. केसभर जरी वर राहिली तरी अशा रायफलीत धोका, कारण बोल्ट मोठ्या जोरात पुढे येऊन आदळतो आणि चाप न ओढताच गोळी सुटू शकते. बाबा प्रत्येक काडतूस उचलायचे, बुडावरचा कारखान्याचा छाप चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे, आणि मग डोळे मिटून टोपीवरून अंगठा फिरवायचे. एकदाच. चांगलं असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे. तिकडच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं. क्लबाचे सेक्रेटरी वॉल्टर म्हणून एक निवृत्त सैनिक होते. ते पोलादी पट्टी आडवी लावून उजेडात बघायचे. बाबांना त्याचं हसू यायचं. "पट्टी कशाला? देवाने पट्टी दिलेली आहे," असं म्हणून ते अंगठा वर करून दाखवायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. माझ्या अंगठ्याला आधी काहीच कळायचं नाही. मग एक दिवस एकदम कळलं, भातातला खडा दाताखाली यावा तसं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का, पोरीला हात आहे!"

क्लबातून परत आलं की अजून एक सोहळा असे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांतून एक प्रकारचं मीठ नळीत राहतं आणि नळी रात्रीतून गंजते. तेलाने ते जात नाही, पाण्यानेच जातं. म्हणून रायफल मोरीत उभी करायची, नरसाळं लावायचं आणि केटलीतलं कढत पाणी नळीतून सोडायचं. ती केटली आणि ते नरसाळं, दोन्ही आईची. रविवारी संध्याकाळी आम्हाला चहा उशिरा मिळायचा, कारण आधी रायफलीचा व्हायचा. पाणी गेल्यावर नळीतून वाफ निघायची आणि स्वयंपाकघरात जळक्या दारूचा आणि रात्रीच्या भाजीसाठी उकडलेल्या बटाट्यांचा एकत्र वास भरून राहायचा. आजही कुठे दिवाळीचे फटाके उडाले की मला आधी उकडलेले बटाटे आठवतात.

फाउंड्रीत बाबांना कुणी नावाने हाक मारत नसे, आणि ज्या नावाने मारत ते मी इथे लिहिणार नाही. क्लबात ते मिस्टर जोग होते. गावाबाहेर एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत ते मैदान होतं. एका टोकाला वाळूचा उंच बांध, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये स्टोव्हवर अखंड उकळणारा काळाकुट्ट चहा. रविवारी सकाळी आम्ही पोचलो की दोघं-तिघं आपापली खोकी घेऊन बाबांची वाट बघत असायचे. "मिस्टर जोग, जरा तुमचा अंगठा लावा ना यांना." बाबा कोट काढून खुर्चीत बसायचे, बाह्या दुमडायचे आणि एकेकाची काडतुसं बघून द्यायचे. त्यांनी उजवीकडे ठेवलेलं काडतूस कुणी पुन्हा तपासत नसे. आठवड्यातले सहा दिवस खाली गेलेला माणूस तिथे सातव्या दिवशी वर यायचा. मला ते लहानपणीही दिसत होतं, म्हणूनच मी त्यांच्याबरोबर जायचे. नेमबाजीची गोडी मला नंतर लागली.

मला सतरावं लागणार होतं त्या हिवाळ्यात बाबांची बोटं पांढरी पडायला लागली. बसच्या थांब्यावरून घरी येईपर्यंत अंगठा आणि दोन बोटं मेणबत्तीसारखी व्हायची. आधी तर्जनी आणि मधलं बोट, मग अंगठा. गॅसच्या शेगडीजवळ धरली की लाल होऊन ठणकायची. मग एका सकाळी मी जिन्यावरून ऐकलं.

"अहो, द्या इकडे, बटण मी लावते. पण बोटं अशी का पडतात पांढरीफटक?"

"थंडी आहे."

"थंडी मलाही आहे. माझी पडतात का?"

"तू ग्राइंडर धरतेस का? होतं ते सगळ्यांना. उन्हाळ्यात जातं."

"डॉक्टरांना दाखवा एकदा."

"डॉक्टर म्हणतील काम सोडा. मग काय करू, घरी बसून तांदूळ निवडू?"

आईने शेवटचं बटण लावलं. फाउंड्रीतल्या बऱ्याच जणांना ते होतं, हे खरंच होतं. हातात सतत थरथरणारं यंत्र धरलं की बोटांतला जीव हळूहळू जातो. या दुखण्याला नाव आहे हे मला खूप नंतर कळलं. बाबांना त्यातलं किती कळलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. माझा अंदाज असा की बधिरपणाची एक गंमत आहे: जे जाणवत नाही ते जाणवत नाही, हेही जाणवत नाही. त्यांना वाटत होतं की सगळी काडतुसं चांगलीच येताहेत.

सतरावं लागल्यावर मोठी रायफल हातात देईन, असं बाबांनी मला कबूल केलं होतं. त्याआधी वर्षभर मी क्लबाच्या छोट्या रायफलीवर शिकत होते. त्या फेब्रुवारीत क्लबाच्या एका दिवंगत सभासदाच्या शेडमधून काडतुसांची खोकी आली. त्याने ती घरी भरलेली होती, रिकामी काडतुसं पुन्हा वापरून. घरी भरलेल्या मालात टोपी वर राहण्याची भीती जास्त, हे बाबांना कुणी सांगायला नको होतं. दोन शनिवार ते त्यांच्यावर बसले. डोळ्यांना खटकली ती बरीचशी बाजूला टाकली. उरलेल्यांवरून एरवी एकदा फिरणारा अंगठा ते दोनदा-तीनदा फिरवत होते. माझ्यासाठी म्हणून, डोळ्यात तेल घालून. आई म्हणालीसुद्धा, "आज फारच चोखंदळपणा चाललाय." बाबा म्हणाले, "माधूच्या हातात जायची आहेत."

रविवारी कोरडी बोचरी थंडी होती. मी बाकावर बसले, कानांवर जाड कर्णटोप, रायफलीचं तोंड वाळूच्या बांधाकडे. बाबा उजव्या बाजूला उभे, मागे वॉल्टर. शिकवल्याप्रमाणे मी तळहाताच्या कडेने बोल्टची मूठ मागे धरून ठेवली, अंगठ्याने काडतुसांची क्लिप आत दाबली, अंगठा काढून घेतला आणि मूठ सोडली. बोल्ट पुढे गेला आणि त्याच क्षणी बार झाला. दस्ता अजून खांद्याला लावलेला नव्हता. तो मागे येऊन दंडावर असा बसला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर बांधावरची वाळू उडाली. रिकामं काडतूस माझ्या डोक्यावरून गेलं, आणि बोल्टने आपलं काम चोख बजावून दुसरं काडतूस आत घेतलं.

"हात काढ!" वॉल्टर ओरडले. "कुणी हात लावू नका!"

मी दोन्ही हात वर केले. ते दुसरं काडतूसही बाबांनीच निवडलेलं होतं. बाबा रायफलीकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांना त्या काडतुसाची भीती वाटत होती. वॉल्टरनी मला मागे ओढलं, स्वतः वाकून बोल्ट मागे घेतला आणि क्लिप बाहेर काढली. 

"पोरीचं बोट चापाला लागलं असणार," शेडच्या दारातून कुणीतरी म्हणालं. ते वाईट मनाने म्हणालं नव्हतं. पहिल्यांदा मोठी रायफल धरणाऱ्याचं तसं होतं.

बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मराठीत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माधू, खरं सांग. चापाला बोट होतं?"

मी हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मला चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते आणि पुढच्या रविवारी बाबा खुर्चीत बसून बाह्या दुमडत राहिले असते. हे मला तेव्हाही समजत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही मागणं होतं का, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. मला वाटतं, नव्हतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

"नाही बाबा. आय स्वेअर. बोट बाहेरच होतं."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

वॉल्टरनी क्लिपमधली उरलेली काडतुसं बाकावर उलटी उभी केली, बुडं वर, आणि खिशातून पोलादी पट्टी काढली. दोन काडतुसांवर ती पट्टी डुगडुगली. ती डुगडुग सगळ्यांनी पाहिली. बाबांनी त्यातलं एक उचललं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. मग पुन्हा. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. मी अंगठा ठेवला मात्र, टोपी टोचलीच. इतकी वर होती.

"लागतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला गुळगुळीत लागतंय," बाबा म्हणाले. हे वाक्य ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घरी आईने थालीपिठं लावली होती. माझा दंड एव्हाना काळानिळा झाला होता. तो बघून तिने तवा खाली उतरवला आणि सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. बाबांना तिने खुर्चीत बसवलं, त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि नखाने एकेक बोट दाबत गेली. "इथे कळतं?" "नाही." "इथे?" "नाही." "इथे तरी?" तळव्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "हो." मग त्यांचा धीर सुटला. "पोर गेली असती गं माझ्या हाताने," असं म्हणून ते रडले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई त्यांचा हात धरून बसून राहिली. थालीपिठं गार झाली, पण ती आम्ही नंतर खाल्ली. आमच्या घरी अन्न टाकत नसत.

पुढच्या रविवारी जाऊ नका असं आई म्हणत होती. बाबा गेले. त्या हिवाळ्यात ज्यांना ज्यांना काडतुसं निवडून दिली होती, त्या सगळ्यांना त्यांनी ती परत आणायला सांगितलं होतं. शेडमधल्या लांब टेबलावर खोकी मांडली गेली आणि वॉल्टर आणि आणखी दोघे पट्टी घेऊन बसले. बाबा खुर्चीत बसले नाहीत. टेबलाच्या टोकाला दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ते शेवटपर्यंत उभे राहिले, आणि पट्टी डुगडुगली की "दॅट वन इज माइन," म्हणत राहिले. बहुतेक काडतुसं चांगलीच निघाली, कारण मुळात ती चांगलीच होती. पण काही सदोष निघाली. एक तर अशा माणसाच्या खोक्यातलं होतं, ज्याच्या बायकोला नुकतंच मूल झालं होतं. तो बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काही बिघडलं नाही, मिस्टर जोग." सगळेच तसं म्हणाले. कुणी एक वाकडा शब्द काढला नाही, चहाचा पहिला कप त्यांनाच दिला. त्या भल्या माणसांना आजही मी दोष देत नाही. पण त्यानंतर कुणीही खोकं घेऊन त्यांची वाट बघत उभं राहिलं नाही, आणि बाबांनी ते दोन रविवार पाहिलं. तिसऱ्या रविवारी रायफल रीतसर वॉल्टरच्या नावावर करून ते मोकळे झाले. तुम्ही या, मी तुमच्यासाठी निवडत जाईन, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. पण तो तुझा आहे."

डॉक्टरांनी सांगितलं की गेलेला स्पर्श आता परत येणार नाही. फाउंड्रीने त्यांना झाडलोटीच्या कामावर टाकलं. बाबा आणखी पुष्कळ वर्षं जगले, हसले, आईशी ठेच्यावरून भांडले. दुःखी माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखलं नसतं. फक्त लेस्टरमधल्या आमच्या गल्लीत, दुकानात, देवळात, सगळीकडे त्यांचे हात खिशात असायचे.

लग्नानंतर मी एडिनबराला आले. माझी मुलगी झाली तेव्हा आई-बाबा ट्रेनने आले, थेट हॉस्पिटलात. आईने तिला उचलून घेतलं, न्हाऊ-माखूचे बेत सुरू झाले, नाक कुणासारखं यावर चर्चा झाली. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. "घ्या ना बाबा," मी म्हटलं. ते म्हणाले, "नको. मला हाताचा भरवसा नाही." आईने खूप आग्रह केला तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्या जवळ बसले, आणि एक बोट तिच्या कपाळावरून, जावळावरून, गालावरून हळूहळू फिरवलं. मग हात परत घेतला आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.

"माधू," त्यांनी विचारलं, "कशी लागते गं हाताला?"

मी तिच्या गालाला हात लावला आणि सांगायला लागले. "मऊ आहे बाबा. गरम आहे. गालावर बारीक लव आहे."

"अजून सांग," बाबा म्हणाले.